अकरा झाकण्या

शालिग्राम लाइनमनचा माझ्यावर विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्याचा कुणावरच नव्हता. "शालिग्राम, आज गुरुवार," असं म्हटलं तरी तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा, मग त्या कॅलेंडरचं कालचं पान कुणी फाडलंय की नाही ते बघायचा, आणि मग म्हणायचा, "असंन." हा "असंन" मी चार वर्षं ऐकला. पहिलं वर्षभर मला त्याचा राग यायचा.

तो चिखलीहून सायकलवर यायचा. खांद्यावर तारेचं वेटोळं, कमरेला जाड पट्टा, पिशवीत तपासणीचा फोन आणि फडक्यात बांधलेली भाकर. माळ्याच्या घरचा. भाऊ मळा बघायचे, हा खांब बघायचा. तारेत करंट आहे की नाही ते तो तार जिभेला लावून पाहायचा. खात्याने त्याला मीटर दिलं होतं, ते पिशवीच्या तळाशी भाकरीखाली असायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "सुई चिकटते मास्तर. जीभ चिकटत नाही."

फॉल्ट शोधायची त्याची एक रीत होती, आणि ती मला तेव्हा निव्वळ वेळकाढूपणा वाटायची. कुठल्याही गावची लाइन बिघडू दे, तो आधी त्या लाइनवर स्वतः मारलेला शेवटचा जोड जिथे असेल त्या खांबावर चढायचा. जोड उघडायचा, बघायचा, परत बांधायचा. मग पुढचं.

"अरे, तू मागच्या महिन्यात तर बांधलास तो," मी म्हणायचो.

"म्हनूनच. मी बांधला हे मले माहीत हाय. चांगला बांधला हे कोठी माहीत हाय?"

आता मी कोण ते सांगतो. मी महादेवराव, मूळचा संगमनेरकडचा. सन एकोणीसशे बासष्टमध्ये बदली होऊन साखळगावला सब-पोस्टमास्तर म्हणून आलो. चिखलीच्या पलीकडचं बाजाराचं गाव. टपाल, तार आणि टेलिफोन, तिन्ही माझ्या एकट्याच्या गळ्यात. वऱ्हाडी बोली मला नीट कळायला वर्ष लागलं, आणि जी बोली नीट कळत नाही त्या बोलीत लोक आपल्याबद्दलच बोलतायत असं माणसाला वाटत राहतं. माझा स्वभाव मुळात संशयी नव्हता असं माझी बायको पुष्पाबाई म्हणते. मी म्हणतो, होता. साखळगावला त्याला खतपाणी मिळालं.

ऑफिसात अकरा लायनींचा लाकडी बोर्ड होता. प्रत्येक लाइनला एक लहानशी पितळी झाकणी आणि तिच्यावर नंबर. गावातल्या कुणी आपल्या फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावरची त्याची झाकणी टप्पकन खाली पडायची. ऑपरेटरने ती वर लोटायची, खुंटी लावायची, "नंबर?" म्हणायचं, हवी ती लाइन जोडून द्यायची. ऑपरेटर होता इंद्रभान. सव्वीस वर्षांचा, गावातलाच, सरस्वतीबाई भाजीवालीचा एकुलता एक मुलगा. तीन वर्षं रोजंदारीवर होता. त्याला कायम करण्याचा कागद त्या वर्षी मे महिन्यात निघणार होता. मला तो काका म्हणायचा.

एकोणीसशे पासष्टचा पाडवा झाला आणि बोर्डाला काय झालं कुणास ठाऊक. पोलीस चौकीने हँडल फिरवलं आणि अकराच्या अकरा झाकण्या एकदम खाली! सगळं ऑफिस खडखडलं. इंद्रभान एकेक वर करत सगळ्यांना विचारत सुटला, "तुमी केला का? तुमी केला का?" ज्याने केला होता तो चिडला, ज्याने केला नव्हता तो त्याहून चिडला. झाकण्या वर लोटून होतात न होतात तोच कुणीतरी हँडल फिरवी आणि पुन्हा सगळा बोर्ड आडवा. त्या दिवशी दुपारपर्यंत टेलिफोन बंद ठेवायची पाळी आली, आणि पुढेही रोज थोड्याफार फरकाने हेच चाललं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी नुसता तक्रारीचा कागद पाठवला असता. पण चार दिवसांनी भगवानराव आले. हे गावातले मोठे जमीनदार. छडी टेबलावर आडवी ठेवली, म्हणजे प्रकरण गंभीर.

"मास्तर, माझ्या पोरीच्या सोयरिकीचं मी परवा फोनवर बोललो. घरात बी कोनाले माहीत नाही. पाव्हन्यायनं नाही म्हनलं, अन् संध्याकाळी पारावर लोकं मलेच सांगून राह्यले की पाव्हन्यायनं नाही म्हनलं! हे कोनं फोडलं?"

त्यांनीच बोर्डाकडे पाहिलं. इंद्रभान कानाला यंत्र लावून बसला होता. त्याने मान वर केली नाही, आणि मान वर केली नाही हेच मला पुरेसं वाटलं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, ते खोटं नाही.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर डोळा ठेवला. तो हसला की कुणाचं ऐकून हसला? गप्प बसला की काय लपवतोय? गावात ज्याला त्याला विचारलं, प्रत्येक जण शपथेवर सांगे, "हाव, ऑपरेटरच फोडते." पण त्याने तुला काय सांगितलं, असं विचारलं की ताकास तूर लागू देत नसे. आठवड्याने मी विभागाच्या इन्स्पेक्टरसाहेबांना गोपनीय पत्र लिहिलं. माझं अक्षर मोत्यासारखं आहे, त्याचा मला अभिमान होता. मी लिहिलं की बोर्डातला बिघाड आणि बातम्या फुटणं ही एकाच माणसाची कामं दिसतात, येथे कुठेतरी पाणी मुरत आहे, आणि सदर रोजंदारी ऑपरेटरला कायम करण्याऐवजी कमी करण्यात यावे. साहेबांचं उत्तर आलं. शनिवारी येतो, तोवर लाइनमनकडून बोर्ड तपासून घ्या.

शालिग्राम गुरुवारी उगवला. मी त्याला आत बोलावून दार लोटलं आणि माझा संशय सांगितला. इंद्रभानवर लक्ष ठेव म्हणालो.

त्याने ऐकून घेतलं. "असंन," म्हणाला. मग म्हणाला, "पाडव्याच्या आधी इथी काय बदललं?"

"काहीच नाही."

"नवी लाइन?"

"नाही."

"बोर्ड हलवला? रंग मारला? कोनी आलं, कोनी गेलं?"

"अरे, काहीच बदललं नाही म्हणून सांगतोय ना!"

"असंन."

पहिला दिवस त्याने गावात घालवला. आधी अर्थातच चौकीजवळच्या खांबावर चढून स्वतःचा जोड उघडून आला. मग ज्यांच्या ज्यांच्या घरी फोन होता त्या प्रत्येकाकडे गेला. सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरी कडूबा बसलेले होते. शालिग्रामने रिसिव्हर उचलून कानाला लावला तर आत डॉक्टरांचा आवाज. डॉक्टर कुणा दुसऱ्याशीच बोलत होते. बारीक, पण शब्द न् शब्द कळेल असा.

"कडूबाभाऊ, तुमी हे ऐकता?"

"मी? राम राम! दुसऱ्याचं काऊन ऐकीन मी?"

"मंग रिसिव्हरले पानाचा ताजा डाग कोनाचा हाय?"

कडूबांनी रिसिव्हर धोतराने पुसायला घेतला. शालिग्रामने संध्याकाळी येऊन मला हे सांगितलं तेव्हा सगळ्या गावाचं शपथेवर सांगणं मला उलगडलं. फोन उचलला की दुसऱ्याचं बोलणं फुकट ऐकू येत होतं. अख्खं गाव चोरून ऐकत होतं आणि आपण ऐकलं हे लपवायला ऑपरेटरचं नाव पुढे करत होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

खरं तर माझा संशय तिथेच मिटायला हवा होता. पण संशयाला एक पाय तोडला तर दुसरा फुटतो. मी म्हणालो, "तारेतून ऐकू जातं, कबूल. पण तारा जोडतो कोण? तो मुद्दाम दोन खुंट्या एकत्र लावत असेल."

शालिग्रामने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "पाहू," म्हणाला.

शुक्रवारी सकाळी त्याने बोर्ड मागून उघडला. लायनींना चिठ्ठ्या बांधल्या आणि एकेक सोडवायला लागला. एक लाइन काढायची, उरलेल्यांपैकी एकीवर घंटी द्यायची, बघायचं. दहा उरल्या, बाकीच्या नऊ पडल्या. नऊ उरल्या, बाकीच्या आठ पडल्या. मला वाटलं, जी काढल्यावर पडायचं थांबेल तीच लाइन खोडीची. तसं झालं नाही. शेवटी दोनच उरल्या, भगवानरावांची आणि डॉक्टरांची. एकीवर घंटी दिली की दुसरीची झाकणी पडे. मग त्याने त्या काढून दुसऱ्या दोन लावल्या. त्याही तशाच. कोणत्याही दोन लावा, भांडण ठरलेलं.

तो बोर्डामागून बाहेर आला, घाम पुसला आणि खाली फरशीवर बसला.

"मास्तर, लायनी अकराही चांगल्या हायेत. बिघाड लायनीत नाही. अकराही लायनीत सारखं असं एकच काय हाय, ते सांगा."

"इंद्रभान," मी म्हणालो. मी क्षणभरही थांबलो नाही.

"त्याले मी सकाळीच घरी धाडलं, तुमाले आठोते? जेवून दोन वाजता ये म्हनलं. मले बी त्याची शंका होतीच. म्हनून जशी लाइन काढून पाह्यतो तसं त्याले काढून पाह्यलं. तो इथी नाही, अन् झाकण्या पडल्याच."

मी बोर्डासमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे खरंच कुणी नव्हतं. सकाळपासून नव्हतं. आणि मी सकाळपासून मनातल्या मनात त्याच्यावरच खापर फोडत होतो.

"मग सारखं काय?" मी विचारलं.

त्याने बोटाने खाली जमीन दाखवली.

आमच्या त्या गावठी लायनींना एकेकच तार असायची. बोलणं तारेतून जायचं आणि परतीचा रस्ता जमिनीतून. ऑफिसच्या मागच्या आवारात एक लोखंडी पाइप खोल पुरलेला होता, भोवती कोळसा आणि खडे मीठ, आणि अकराही लायनींचं परतीचं टोक त्या एकाच पाइपाला बांधलेलं. हे मला माहीत होतं. म्हणजे पुस्तकात वाचलेलं होतं.

आम्ही मागे गेलो. मी कुलूप काढलं. काळी जमीन एप्रिलच्या उन्हाने फाटली होती, भेगांत मूठ जाईल एवढी. पाइपाभोवतीची माती तर पाइपाला सोडून पार बाजूला सरकली होती. पाइपाच्या वर आलेल्या तोंडाला कुंकू लावलेलं होतं, खाली वाळलेली झेंडूची फुलं.

"दहा घरचं पानी एका नालीत सोडलं अन् नाली तुंबली, त काय होते?" शालिग्राम म्हणाला. "माझ्या न्हानीचं पानी तुमच्या न्हानीतून वर येते. तेच होऊन राह्यलं. करंटले खाली जाले वल्ली मातीच नाही. तो दुसऱ्याच्या लायनीत घुसते." मग त्याने शिपायाला हाक मारली. "मोतीराम! ह्या पाइपाले पानी घालायचं काम कोनाचं?"

मोतीराम आमचा जुना शिपाई. तो मान खाजवत आला. "काम त माझंच. पन मले कधी घालाच लागलं नाही. झुंबरबाई रोज सकाळी घालत होती ना. कळशीभर."

"झुंबरबाई कोन?"

"मांगच्या गल्लीतली बुढी. तिचा पोरगा फौजेत हाय. बाया ह्याले तारोबा म्हनतात. तार इथून जमिनीत जाते ना. तारोबाले पानी घातलं म्हंजे वाईट तार येत नाही म्हनतात. आठ वर्सं झाली, पावसाळ्यात बी घालते."

"मंग आता काऊन बंद केलं?"

मोतीरामने माझ्याकडे पाहिलं. शालिग्रामने त्याची नजर पकडली आणि तोही माझ्याकडे वळला.

होळी झाल्यावर मी मागच्या फाटकाला कुलूप घातलं होतं. एक म्हातारी रोज सकाळी सरकारी आवारात शिरते, खिडकीखाली उभी राहते, ओठ हलवते. ती तारा ऐकते, कुणाला तरी नेऊन सांगते, असं मला वाटलं होतं. एकदा मी तिच्या अंगावर ओरडलोही होतो. शालिग्रामने काय बदललं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो. ते कुलूप मला बदल वाटलंच नव्हतं, बंदोबस्त वाटला होता.

मोतीरामने चार बादल्या पाणी घातलं. मातीने ते घटाघटा पिऊन टाकलं. आणखी सहा घातल्या, मीठ घातलं, भेगा बुजवल्या. तासाभराने शालिग्रामने अकराही लायनी परत जोडल्या आणि चौकीवर घंटी दिली. बोर्ड गप्प. चौकीने उलट हँडल फिरवलं. एकच झाकणी पडली, चौकीची. दोन वाजता इंद्रभान आला, बोर्ड पाहिला आणि लहान पोरासारखा हसला. "जमलं काका!" म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना.

झुंबरबाईला निरोप मीच घेऊन गेलो. ती उंबऱ्यात धान्य निवडत होती. "माय, उद्यापासून पाणी घाला," मी म्हणालो. तिने सूप बाजूला ठेवलं. "महिना झाला, मी फाटकाबाहेरूनच हात जोडून राह्यली, बापा. पोराले कोठी लढाईवर धाडलं त्याचा पत्ता नाही. रोज वाटे, आज तार येते."

शनिवारी साहेब आले. बोर्ड नीट चालतो पाहून आधी त्यांचा विरस झाला, कारण ते चौकशीच्या तयारीने आले होते. बोर्डाजवळच टेबल लावून बसले. मी, शालिग्राम आणि इंद्रभान समोर उभे. त्यांनी फाइल उघडली आणि मोठ्याने वाचलं, "येथे कुठेतरी पाणी मुरत आहे. हे काय प्रकरण?"

"मुरत नोतं, साहेब," शालिग्राम म्हणाला. "तेच त दुखनं होतं."

साहेबांनी सगळं समजून घेतलं. मग पेन उघडून विचारलं, "पाणी बंद कुणी केलं?"

शालिग्राम छताकडे बघत राहिला. ह्या माणसाने दोन दिवस गावातल्या कुणाला सोडलं नव्हतं, आणि आता मात्र तो एक शब्द बोलेना. मोतीराम दाराआड झाला. मी म्हणालो, "मी केलं, साहेब. कुलूप माझं आहे. ऑपरेटरचा काही दोष नाही." एवढं बोलायला मला किती जोर लागला ते मलाच ठाऊक. माझ्या सर्व्हिस बुकात ठपका आला, आणि तो यायलाच हवा होता. साहेबांनी माझ्या पत्रावर लाल शाईने 'निराधार' लिहिलं. इंद्रभानचा कायमचा कागद मे महिन्यातच निघेल असं त्याच्या तोंडावर सांगितलं. मला वाटलं, सुटलो. आपण चुकलो, चूक कबूल केली, पोराची नोकरी वाचली.

पण खात्याचा नियम असा की ज्याच्याविरुद्ध पत्र आलं असेल त्याने ते वाचून खाली सही करायची. साहेबांनी पत्र इंद्रभानपुढे सरकवलं.

त्या पत्रातलं एक वाक्य मी तुम्हाला सांगितलेलं नाही. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. त्याची आई सरस्वतीबाई बाजाराच्या दिवशी आमच्याकडे मूठभर भाजी पाठवायची. कधी वांगी, कधी मेथी, पैसे कधी घेतले नाहीत. माझ्या लेकाला मास्तरनं कामाला लावलं, एवढंच तिचं म्हणणं. मी लिहिलं होतं, 'सदर इसम आपल्या आईमार्फत माझ्या घरी भाजीपाला पोहोचवून माझी कृपा संपादन करण्याचा प्रयत्न करतो, यावरून त्याची नियत लक्षात यावी.'

इंद्रभानने पत्र सावकाश वाचलं. बोट ओळीवर ठेवून वाचायची त्याची सवय. बोट त्या ओळीशी आलं आणि थांबलं. अक्षर कुणाचं हे त्याला विचारावं लागलं नाही. तीन वर्षं तो रोज ते बघत होता.

"वांग्यायचं बी लेहलं, काका?" एवढंच तो म्हणाला. आवाज चढवला नाही. सही केली, पेन साहेबांना परत दिलं आणि जाऊन बोर्डावर बसला. तेवढ्यात डॉक्टरांची झाकणी पडली, तर त्याने रोजच्या आवाजात "नंबर?" विचारलं.

शालिग्रामने पिशवी उचलली. दारात तो माझ्याजवळ थांबला. मला वाटलं, आता हा मला बोलणार, आणि बोलला असता तर बरंही वाटलं असतं. पण तो सायकल घेऊन चिखलीच्या रस्त्याला लागला.

पुढच्या बाजाराला आमच्याकडे भाजी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. "सरस्वतीबाई आजारी आहे का हो?" पुष्पाबाईने दोनदा विचारलं. मी तिला सांगितलं, उन्हाळा कडक आहे, त्यांच्या विहिरीचं पाणी आटलंय.